पक्का जांभळा

दि. ३ मार्च

चि. कांजीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले. हात रिकामे नव्हते आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. डोक्याचंच सांगायचं आहे. तू त्या कंपनीत गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं देतेस म्हणून आधी तुला लिहिते. फोन करणार नाही, कारण फोनवर माझ्या तोंडून फक्त शिव्या येतील.

मागच्या रविवारी मी केस रंगवले. हसू नकोस. बाबांच्या मागे लाँड्री ओढते आहे, लोकांचं पांढरं पांढरं ठेवण्यात जन्म गेला, आणि आरशात बघावं तर तिथेही पांढरंच. वैताग आला. दुकानात फळीवर चार-पाच कंपन्यांचे डबे होते. त्यातल्या तुमच्या कंपनीच्या डब्यावर जांभळ्या केसांची हसरी बाई आणि तिच्या खाली हे ठसठशीत अक्षर, ‘पक्का जांभळा’. मी ‘पक्का’ वाचलं आणि बाकीच्यांकडे बघितलंही नाही. घरी तुझ्या भाऊजींनी मला बघून एवढंच म्हटलं की नीळ जरा जास्त झाली. त्या दिवशी त्यांनी आपलं ताट आपणच वाढून घेतलं.

खरं सांगू, मला आवडला होता रंग. एक दिवस.

सोमवारी हॉस्पिटलचे कोट होते. प्रेसची खोली तुला आठवत असेलच, बॉयलरची वाफ आणि खिडकी एक. मी नेहमीसारखी वाकून एकेक कॉलर तपासत होते. घाम मानेवरून, कानामागून निथळला आणि कोटांवर पडला. वाफेत दिसलं नाही, आणि वरून गरम प्रेस बसला. डाग ओला आहे तोवर पाहुणा, इस्त्री फिरली की घरजावई, असं बाबा म्हणायचे. बेचाळीस कोटांपैकी एकोणतीस कोटांच्या खांद्यांवर जांभळे ठिपके. ते तसेच घडी होऊन गेले. परत आल्यावर ब्लीचमध्ये घातले, तर जांभळ्याचं गुलाबी झालं.

मेट्रनबाईंनी मला बोलावून एक कोट समोर धरला. महिनाअखेरीला हॉस्पिटलची समिती बसते, तिथे निष्काळजीपणा म्हणून आपल्या लाँड्रीचं नाव जाणार. पण बाई न्यायाने वागणारी आहे. तिने सांगितलं, हा रंग डब्यावर लिहिलाय तसा पक्का नाही असं कंपनीने लेखी दिलं, तर दोष लाँड्रीचा नाही असं ती मांडेल. नाहीतर हॉस्पिटल गेलं. मग उरतं काय, गल्लीतल्या चादरी आणि पडदे. इस्त्रीवर दोघी बायका आहेत, त्यातली थोरली बाबांच्या वेळची. तिला कुठल्या तोंडाने सांगू?

मला एक ओळ हवी आहे. कंपनीला रीतसर पत्र टाकलं आहे, तू आतून बघ. आणि हा शब्द डब्यावर कुणी लिहिला तेवढं शोधून काढ. रंग पक्का म्हणजे धुतला तरी जात नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. तो शहाणा सापडू दे, त्याला आमच्या प्रेसखाली घालते.

कळावे. लोभ आहेच, सध्या जरा धुमसतो आहे.

तुझी,
ताई

—

दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग वाईट वाटलं. क्रम लपवत नाही. तुला जांभळ्या केसांत बघायला मी रजा काढली असती.

तुझ्यासारखी पत्रं इथे रोज ट्रे भरून येतात. एका बाईंच्या घरातल्या सगळ्या उशा जांभळ्या झाल्या. एका गृहस्थांना केस बेताचेच, त्यांची टाळू रंगली, आणि ते विचारतात की आता टोपी कोण देणार. एका मुलीने रंगवल्यावर पांढरं मांजर मांडीवर घेतलं, त्या मांजराला आता आळीतली बाकीची मांजरं जवळ येऊ देत नाहीत. आणि एका आजींनी लिहिलंय की रंग लावल्यापासून नातवंडं आपणहून भेटायला येतात, आणखी दोन डबे कुठे मिळतील. म्हणजे बघ, एकाच डब्याचे किती तऱ्हेचे अनुभव.

तू केस थंड पाण्यानेच धू. धुताना पाण्यात थोडं व्हिनेगर टाक, आणि कामाच्या वेळी डोक्याला घट्ट फडकं बांध. पाच-सहा आठवड्यांत उतरेल.

बाकीचं मात्र माझ्या हातात नाही. केसांचे रंग माझ्या टेबलावर येत नाहीत, माझ्याकडे साबण आणि फरशी पुसायचं औषध. डब्यावरचे शब्द कोण लिहितं हे एवढ्या मोठ्या ऑफिसात कुणाला विचारणार? साहेब असतात, साहेबांचे साहेब असतात, छापखाना असतो. आणि एक विचारू, रागावू नकोस. गाठोड्यात एखादं लाल फडकं दिसलं तरी तू त्याचा कोपरा भिजवून बघतेस. मग स्वतःच्या डोक्याचा कोपरा का नाही बघितलास?

भाऊजींना नमस्कार. त्यांना ताट वाढ.

लोभ धुमसता असला तरी चालेल, असू दे.

तुझी,
कांजी

—

दि. १५ मार्च

चि. कांजीस,
अ. उ. आ.

कोपरा मी कच्च्या रंगाचा बघते. ज्याच्यावर पक्का लिहिलंय त्याचा कोपरा बघायचा म्हणजे लिहिणाऱ्याला चोर म्हणण्यासारखं आहे. ‘आधी कोपरा, मग कापड, घाई करेल तो रडेल’ हे बाबांचं मला शिकवू नकोस. तू शाळेत कविता पाठ करत होतीस तेव्हा मी हेच पाठ करत होते.

तुझ्या कंपनीचं उत्तर आलं. तुला वाचायला मिळालं नसेल म्हणून उतरवून देते. ‘आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. प्रत्येकाच्या केसांचा पोत निराळा असल्याने परिणामात फरक पडू शकतो. आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ खाली नाव नाही, सही नाही, नुसता शिक्का. मी कोटांबद्दल दोन पानं लिहिली होती, त्यातला एक कोट या उत्तरात नाही. पोत म्हणे निराळा! चाळीस वर्षं मी पोतच बघते आहे, मला पोत शिकवतात.

आणि कडी ऐक. सोबत भेट म्हणून काय पाठवलं असेल? तोच डबा. पक्का जांभळा. एकदा तोंडाला काळं फासलं ते पुरलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा जांभळं. मी तो डबा भिंतीवर फेकला. फुटलाही नाही मेला. तेवढा मात्र पक्का आहे.

थोरली इस्त्रीवाली काल मला म्हणाली की दुसरीकडे विचारून ठेवू का. सहज विचारल्यासारखं विचारलं, मान खाली घालून, कॉलरवर इस्त्री फिरवत.

समिती एकतीस तारखेला आहे. तू साबणाच्या टेबलावर असलीस तरी त्याच इमारतीत आहेस ना? जिना चढून वर जा. विचार. एवढं काम बहिणीचं कर.

लोभ वाढवायचा की नाही ते उत्तर बघून ठरवीन.

तुझी,
ताई

—

दि. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहिते. विचारलं. होण्यासारखं नाही.

कंपनी असा कागद कुणालाच देत नाही. एकाला दिला तर उद्या उशीवाली येईल, टोपीवाला येईल, मांजरवाली येईल. शिवाय शब्दाचा अर्थ लावावा तसा लागतो. आपण पक्का मित्र म्हणतो, पक्का चोर म्हणतो, पक्का विचार केला म्हणतो. त्यांना कुणी धुवून बघतं का? पक्का जांभळा म्हणजे अस्सल जांभळा, डोळ्यांत भरणारा. लाँड्रीतला अर्थ सगळ्या जगाने लावावा असं नाही.

मेट्रनबाईंना तू स्वतः समजावून सांग. इतक्या वर्षांचं तुमचं काम आहे, त्या ऐकतील. कोट भरून देते म्हणावं.

मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, हे तुला माहीत आहे. एका शब्दापायी माझी नोकरी मागू नकोस.

लोभ असावा.

तुझी बहीण

—

दि. २४ मार्च

कांजी,

या खेपेला आशीर्वाद नाहीत.

तुझी नोकरी मी कधी मागितली? मी कागद मागितला, कंपनीकडून. शब्द लिहिणारा शहाणा मागितला. त्यात साबणाच्या टेबलावरच्या बाईची नोकरी जायचं कारण काय? हे वाक्य मी तीनदा वाचलं. मग भिंतीवर फेकलेला तो भेटीचा डबा कपाटाखालून ओढून काढला आणि फोडला.

पहिल्या डब्यातलं माहितीपत्रक मी वाचलं नव्हतं. तेवढी चूक माझी, पदरात घेते. या वेळी भाऊजींचा चष्मा लावून वाचलं. मुंगीएवढं अक्षर. आणि तिसऱ्या घडीवर काय लिहिलंय? ‘आधी एक बट, मग डोकं, घाई करेल तो रडेल. बट धुऊन पांढऱ्या फडक्यात दाबून पाहा. फडक्याला रंग लागला तर पांढऱ्या कपड्यांपासून जपा.’

कांजी, जगात कितीही कंपन्या असोत आणि कितीही साहेब असोत, हे वाक्य एकाच माणसाचं आहे, आणि ते आठ वर्षांमागे गेलं. त्याच्यानंतर ते दोघींनाच माहीत आहे. मी लिहिलेलं नाही.

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. पुढे ठळक अक्षरात पक्का लिहायचं, आणि मागे मुंगीच्या अक्षरात बाबांना उभं करायचं, की बाबांनी सांगितलं होतं हो, तुम्हीच ऐकलं नाही. त्यांच्या तोंडाचा असा उपयोग करायला तुला जड गेलं नाही?

आणि पक्का म्हणजे काय हे तू मला शिकवतेस. गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या कोपऱ्यावर खुणा कोण घालायचं? तुझं अक्षर चांगलं म्हणून बाबांनी शाईची बाटली तुझ्या हातात दिली होती, आणि बाटलीवर त्यांनी स्वतः लिहिलं होतं, ‘पक्की’. ती बाटली तू शाळेच्या फ्रॉकवर सांडलीस. मी तो फ्रॉक सात वेळा धुतला. बाबा म्हणाले, पक्की म्हणजे पक्की, आता तो ठिपका तुझा. वर्षभर तू तो फ्रॉक घालून शाळेत गेलीस. तुझ्याइतका या शब्दाचा अर्थ कुणाच्या अंगावर होता?

रागावलं की तू ताठ उभी राहायचीस, कांजी केलेल्या कॉलरसारखी, म्हणून बाबांनी तुला हे नाव ठेवलं. पाण्यात पडली की कांजी उतरते हे मी विसरले होते.

मला कागद नको आता. तू फक्त कसं झालं ते लिही.

ताई

—

दि. २७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टेबल माझंच आहे. केसांचे रंग गेली तीन वर्षं माझ्याकडेच येतात, आणि त्यांच्या डब्यांवरचा मजकूर मराठीत आणायचं कामही माझंच. साबणाचं खोटं सांगितलं.

कसं झालं ते लिहिते. वरच्या मजल्यावर मीटिंगची खोली आहे, लांब टेबल, मध्ये पाण्याच्या बाटल्या, आणि भिंतीवर पुठ्ठ्यांना चिकटवलेल्या रंगीत केसांच्या बटा. मूळ डब्यावर परदेशी शब्द होता, डोळ्यांत भरणारा अशा अर्थाचा. साहेबांना त्याला आपला, छोटा शब्द हवा होता. मी भडक म्हटलं, साहेब म्हणाले भडक तर भांडण असतं. ज्वलंत म्हटलं, तर ज्वलंत प्रश्न असतो. झगझगीत डब्यावर मावेना. गडद म्हटलं तर त्यांना अंधार आठवला. मग त्यांनीच पक्का सुचवला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी बोलले, ताई. एकदा बोलले. मी म्हटलं, पक्का रंग म्हणजे धुतला तरी न जाणारा, हा तर जातो. साहेब म्हणाले, केस कोण लाँड्रीत टाकतं? सगळे हसले. मीही हसले.

तुला तो शब्द लागला, मला ते हसणं लागलंय. हसताना मला प्रेसची खोली दिसत होती. इथे चोवीस वर्षांत ज्याने ज्याने विचारलं की वडील काय करायचे, त्याला मी कापडाचा व्यवसाय असं सांगत आले. दुसऱ्यांदा बोलले असते तर कुणीतरी विचारलं असतं की बाई, तुम्हाला लाँड्रीतलं इतकं कसं कळतं. तेवढ्या भीतीने गप्प बसले. नोकरीची भीती त्या दिवशी नव्हती, ती तुझं पहिलं पत्र आल्यावर सुरू झाली.

माहितीपत्रक मी त्याच दिवशी लिहिलं. साहेब बारीक अक्षर वाचत नाहीत. पुढे त्यांचं खोटं, मागे बाबांचं खरं, म्हणजे फिटंफाट, असं मी मनाला समजावलं. पोताचं उत्तरही मीच लिहिलं. तुझी दोन पानं समोर ठेवून लिहिलं. तक्रारीसोबत भेटीचा डबा घालायचा नियमच आहे, पण घालताना आत माहितीपत्रक आहे हे मला माहीत होतं. तू ते वाचावंस म्हणून घातला की नियम म्हणून, हे मला खरंच सांगता येत नाही.

आता माझाही राग ऐकून घे, नाहीतर तो माझ्यातच कुजेल. लाँड्री मी ओढली, लाँड्री मी ओढली, हे तू प्रत्येक पत्रात लिहितेस. मला ती ओढशील का असं कुणी विचारलं होतं? माझं अक्षर चांगलं म्हणून मला पुस्तकं मिळाली आणि तुला बॉयलर मिळाला, हे मी केलं नाही. त्या ठिपक्याच्या फ्रॉकवरून वर्गात मला ठिपकेबाई म्हणायचे. घरी येऊन रडले तेव्हा तूही हसली होतीस. लाज मला जन्मतः नव्हती, ताई.

सोबतचा कागद कंपनीचा आहे, सही माझी आहे. साहेबांना विचारलेलं नाही. एक प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली आहे, ते उद्या दौऱ्यावरून येतील. तुला कागद नको असेल तर फाडून टाक. माझं लिहून झालं आहे.

लोभ मागायचा हक्क नाही, तरी मागते.

तुझी,
कांजी

—

दि. २ एप्रिल

चि. कांजीस,
अ. उ. आ.

कागद तीस तारखेला संध्याकाळी पोचला. मी तो उभ्यानेच वाचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच घेऊन हॉस्पिटलात गेले.

मेट्रनबाईंची खोली म्हणजे चारी बाजूंनी पांढरं. मी डोक्याला फडकं बांधून गेले होते, तरी खुर्चीला पाठ टेकली नाही. बाईंनी कागद मोठ्याने वाचला. डब्यावरील ‘पक्का’ हा शब्द चुकीचा आहे, हा रंग पाण्याने आणि घामाने उतरतो, इथपर्यंत त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. पुढे वाचलं, ‘शब्द छापण्यापूर्वीच मला हे ठाऊक होते, कारण माझे वडील लाँड्री चालवत असत आणि लहानपणी मी त्यांच्याकडे कपड्यांवर पक्क्या शाईने खुणा घालत असे.’ इथे त्या थांबल्या. त्यांनी मला विचारलं, ही बाई कोण? आणि पुढे हेही सांगितलं की तुमच्या नात्यातली असेल तर समितीपुढे कागदाला वजन राहणार नाही, सांगताना विचार करून सांगा.

विचार मी केला. थोरली इस्त्रीवाली डोळ्यांपुढे आली, बॉयलर आला. ओळखत नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. लाँड्र्या काय गावात दहा असतील. पण कांजी, एका घरात एकीने ओळख लपवली तेवढं पुरे. मी सांगितलं, माझी सख्खी धाकटी बहीण. सांगून झाल्यावर घाम फुटला, आणि घामाची आता मला किती भीती वाटते हे तुला माहीत आहे.

बाईंनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, बहिणीच्या बाजूने लिहिणाऱ्या बहिणी पुष्कळ बघितल्या, बहिणीसाठी स्वतःच्या विरुद्ध लिहिणारी आजच बघते. कागद त्यांनी फायलीत ठेवला. समितीने सहा महिने मुदत दिली आहे. कोट आपल्याकडेच राहिले, फक्त आता तपासायला मी वाकायचं नाही, थोरलीने वाकायचं. तिने ऐकलं आणि नुसती इस्त्री तापवायला ठेवली.

माझा राग गेला असं समजू नकोस. तो साहेब, ते लांब टेबल, ती हसणारी माणसं, सगळ्यांवर आहे, आणि त्यात तू हसलीस त्याचा तर वेगळाच आहे. हा रंग सहा आठवड्यांत उतरतो म्हणालीस, राग त्याहून चांगल्या कंपनीचा आहे. फ्रॉकवरून मी हसले होते हे खरं आहे. मला आठवत नव्हतं, तू लिहिल्यावर आठवलं. त्याचा तुझा राग तू ठेव, मी मागणार नाही.

साहेबाने काय केलं ते कळव. घरी बसवलं तर रडत बसू नकोस, इथे ये. खुणा घालणारं माणूस गेलं वर्षभर नाही. मी घालते त्या गिऱ्हाइकांना वाचता येत नाहीत, मागच्या महिन्यात दोन घरांचे पडदे अदलाबदल झाले. बाटली आहे त्याच फळीवर आहे.

कळावे. लोभ आहे, कोपरा भिजवून बघितला आहे.

तुझी,
ताई

ता. क. रोज सकाळी केस धुऊन मी बाबांच्या वेळच्या एका जुन्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघते. महिनाभरात ते पार जांभळं झालं. काल उकळत्या पाण्यातून काढलं, तर जांभळं बरंचसं गेलं आणि कोपऱ्यात तुझ्या अक्षरातली एक खूण निघाली, पाचवी-सहावीतली असशील. ती तशीच आहे.